उलटं अक्षर

गिऱ्हाईक दगडावर बोट ठेवून म्हणालं, फिलेरोस,
हे अक्षर उलटं पडलंय. तेवढे पैसे कापून घे.
ऑस्तियाच्या धक्क्यावरचा दोरखंडवाला,
बापाचा दगड न्यायला आलेला, वाचायला नुकताच शिकलेला.
मी छिन्नी खाली ठेवली.
म्हटलं, ते उलटंच असतं.
गायसचं अक्षर चंद्रकोरीसारखं, तोंड उजवीकडे.
तेच डावीकडे वळवलं की गाया.
गाया म्हणजे कुणीही बाई.
म्हणजे तुझ्या बापाला गुलामीतून सोडलं ते एका बाईनं.
कोणत्या?
ते अक्षराला माहीत नसतं.

पुरुषांची पहिली नावं मोजून दीड डझन,
एकेका अक्षरात मावतात, दगड वाचतो.
मग कुळाचं.
मग तिसरं, लोकांच्या तोंडून आलेलं:
तिरळा, टकल्या, नाकाड्या, मसूर.
आमच्या गावात नाव ठेवणं आणि नावं ठेवणं एकच.
पणतवाचे डोळे बाणासारखे सरळ असले
तरी दगडावर तो तिरळाच. मी स्वतः कोरलाय.

नुमिसियसांच्या घरी तीन मुली झाल्या.
मुलगा असता तर नवव्या दिवशी, मुलगी म्हणून आठव्या,
पाणी शिंपडून नाव दिलं. नुमिसिया.
पुढच्या वर्षी पुन्हा नुमिसिया.
मग पुन्हा.
जेवायला हाक मारली की तिघी यायच्या, नाहीतर एकही नाही.

तिसरी ती माझी मालकीण.
तिची दाई तिला मीका म्हणायची,
ताटाच्या कडेला उरतो ना, तो भाकरीचा कण.
दाई मेली, बहिणी मेल्या.
ते नाव माहीत असलेला मी एकटा उरलो
आणि मला ते उच्चारायची मुभा नव्हती.

मी बत्तिशीचा असताना तिनं मला सोडलं.
अधिकाऱ्यानं डोक्याला काठी टेकवली, झालं.
परत येताना जिभेवर घोळवत होतो:
लूसियस नुमिसियस फिलेरोस.
पहिलं तिच्या बापाचं,
कारण तिच्यापाशी द्यायला पहिलं नावच नव्हतं.
दुसरं त्याच बापाच्या कुळाचं.
तिसरं एफेससच्या दलालानं ठेवलेलं, माल खपावा म्हणून.
तिन्ही चांगली आहेत, टिकाऊ आहेत.
आई मला काय म्हणायची ते इथे सांगत नाही.
ते अजून कुणी दगडावर मागितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मालकीण गेली.
भाच्यानं मजकूर सांगितला: नुमिसिया, लूसियसची लेक.
तिसरी तरी घालू का, मी विचारलं.
नको, अक्षरामागे पैसे पडतात.
फुकट घालतो.
नको, ओळ बिघडेल.

ओळ बिघडली नाही. दोन्हीकडे समास सारखा सुटला.
इतका सारखा की मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझाही दगड मी घडवून ठेवलाय,
नावावर जिवंतपणाची खूण करून, भिंतीला टेकवून.
मधोमध ते उलटं अक्षर.
दुसऱ्यांच्या दगडावर एका दमात होतं,
माझ्यावर दोन सकाळी गेल्या आणि जरा खोलच गेलं.
शागीर्द पोरगा म्हणतो, यात पाणी साचेल.
म्हटलं, तू तुझं बघ.

दोरखंडवाल्यानं पैसे पुरते मोजले.
दगड गाडीवर चढला तरी निघेना.
उलट्या अक्षराच्या खाचेतून बोट फिरवत राहिला,
वरून खाली, खालून वर,
मग मान पार वाकडी करून बघू लागला,
दुसऱ्या बाजूनं काही वाचता येतं का.